मोटेच्या बैलांनी ओढलेला लिंब

निजामाचं राज्य होतं तेव्हा अणदूरजवळच्या आमच्या गावात आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं अंगण. पिकलेल्या ज्वारीतली बरीचशी सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायची, उरलेली घरच्या तोंडांना पुरायची नाही. पावसाळ्याआधी भिंती लिंपायच्या, त्याही दोन वर्षं तशाच राहिलेल्या. तरी वडिलांनी मला हैदराबादला कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होतो. थोरली बहीण आक्का बाळंतपणाला आलेली, बाळ आठ दिवसांचं. एका दुपारी असं वादळ झालं की गल्लीभर कडबा, छपरं आणि मोडक्या फांद्या. अंगणातला जुना लिंब मुळापासून सुटून आमच्या भिंतीवर रेलला, एक जाड फांदी दारात आडवी आली. आक्का आणि बाळ आत अडकली. मागच्या झरोक्यातून हात तेवढा जात होता. आईनं तिथूनच पाणी दिलं.

फांदी तोडावी तर सगळं खोड तिच्याच आधारावर थांबलेलं. तोडली असती तर लिंब घराच्या मातीच्या धाब्यावर कोसळून छप्पर खाली आलं असतं. आधी झाड मागं ओढायला पाहिजे होतं.

"आपली मोटेची बैलं लावू," मी म्हणालो. वडील भिंतीला टेकू देत होते, त्यांनी घाईत मान डोलावली.

मोट ओढायचा जाड दोर, नाडा, खोडाला बांधला. बैलांनी नेटानं ओढलं, खोड हातभर उचललं. पण विहिरीवर मोट ओढताना धावेच्या उतारावर चालतात तेवढी पावलं झाली तशी ती थांबली आणि रोजच्या सवयीनं उलटी मागं येऊ लागली. मोट रिती झाली की ती अशीच येतात. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, सुचलं नाही. नाडा सैल पडला, खोड परत भिंतीवर आदळलं. आत माती कोसळली. बाळ रडलं आणि एकदम गप्प झालं.

आई झरोक्याकडं धावली. मग झरोक्यातून आक्का म्हणाली, "पाजायला घेतलंय त्याला. तुमी तुमचं काम करा."

शेजारचे म्हातारे चाचा माझ्याजवळ आले. "कॉलेजात जाऊन बैलांची जबान विसरलास व्हय रे?"

"चुकलं, चाचा."

"त्यांना येऊ दे मागं, आदत हाय त्यांची. झाडाला तेवढं येऊ देऊ नको."

त्यांनी आपला नाडा आणून खोडाला बांधला, समोरच्या चिंचेला त्याचे दोन वेढे दिले आणि टोक माझ्या हातात दिलं. बैलं पुढं गेली की हा नाडा सैल पडायचा, तेवढा मी ओढून घ्यायचा. बैलं मागं आली की सगळा भार चिंचेवर, तेवढ्यात बैलांचा नाडा आखडून पुन्हा बांधायचा. चाचा मोटेवर गावं तसं गुणगुणत बैलं हाकत होते. दहाबारा खेपा झाल्या, माझे तळवे सोलून निघाले. शेवटी लिंब दारातल्या जाड फांदीसकट भिंतीपासून सुटला आणि अंगणात पलीकडं आडवा झाला.

वडिलांनी दारात अडकलेल्या डहाळ्या कुऱ्हाडीनं तोडल्या, गल्लीतल्या बायकांनी त्या उचलून वाट केली. आक्का बाळाला पदराखाली घेऊन स्वतःच्या पायांनी बाहेर आली. दोघांनाही कुठं लागलं नव्हतं.