माणूस चुकला

मला कॅन्सर झाला तो कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेतल्या पानपट्टीसमोर. दवाखान्यात तो कधीच सापडला नाही.

गोष्ट नव्वदीच्या दशकातली. माझ्या जिभेच्या कडेला एक फोड आला होता आणि काही केल्या बरा होत नव्हता. (तांबड्या रश्श्याला मी सुट्टी दिली नव्हती, ही बाब वेगळी.) त्याच सुमारास एका मंडळानं पेठेतल्या हॉलमध्ये कॅन्सर तपासणीचं तीन दिवसांचं मोफत शिबिर घेतलं. "फुकट आहे, तर दाखवून या," असं माझी बायको सुनंदा म्हणाली. मी रांगेत उभा राहिलो. रस्त्यानं जाणाऱ्या शेजारच्या बापूसाहेबांनी मला पाहिलं. पानपट्टीपर्यंत पोचेतोवर त्यांनी माझं निदान केलं, आणि पान लावून होईपर्यंत मला शेवटच्या स्टेजला नेऊन ठेवलं!

शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारून सांगितलं, "दाढेचा टवका उडालाय. त्याची धार जिभेला घासतेय. दाढ गुळगुळीत करून घ्या, आणि तरीही जखम भरली नाही तर अंगावर काढू नका, परत या."

मी शीळ घालत घरी आलो, तर दारात चपलांचा ढीग! आत गल्लीतली माणसं भिंतीला टेकून बसलेली. मला बघताच सगळे उठून उभे राहिले.

"बसा, बसा!" बापूसाहेब मला माझ्याच खुर्चीकडं नेत म्हणाले. "ताकद राखून ठेवा."

"अहो, मला काही झालेलं नाही. दाढ तुटलीय!"

"व्हय, व्हय. दाढच," बापूसाहेब म्हणाले आणि बाकीच्यांकडं वळून कुजबुजले, "डॉक्टरनं सांगितलं न्हाय वाटतं गड्याला." (कोल्हापुरी कुजबुज रंकाळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाते.)

रोगाचं नाव मात्र एकानंही घेतलं नाही. नाव घेतलं की तो अंगाला चिकटतो, अशी आमच्याकडं शास्त्रीय माहिती होती. नुसतं 'ते' म्हणायचं. 'ते' झालंय!

दुसऱ्या दिवशी सुनंदाचे थोरले भाऊ वारणानगरहून आले. ते साखर कारखान्यात कामाला, त्यामुळं वैद्यकशास्त्रातला अधिकार मोठा. आल्या आल्या त्यांनी हुकूम सोडला, "सुनंदा, ह्यांचा कप येगळा ठेव. लागट असतंय 'ते'!"

मला कान तुटलेला कप मिळाला. मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो, तर सुनंदा म्हणाली, "दाढच आहे, हे मला पटलंय हो. पण दादा हायत तोवर प्या की त्यातनं!"

त्या दुपारी कुरुंदवाडहून माझी आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, केळी घेऊन आली. बाकीचे पाहुणे माझ्यापासून चार हात लांब बसलेले. आत्ती सरळ माझ्या शेजारी बसली, माझा अर्धा राहिलेला चहा उचलला आणि पिऊन टाकला.

"आत्ती! लागंल की!" मेहुणे ओरडले.

"मला काय लागायचंय आता?" आत्ती म्हणाली.

त्या 'आता'कडं कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही, मी दाढ दाखवण्यात गुंतलो होतो. थोड्या वेळानं तिनं मला आणि सुनंदाला आत बोलावलं.

"तुझी डॉक्टरीण गाठ बी बघती काय रं?"

"कसली गाठ?"

आत्तीनं पदरावरनं छातीला हात लावला. "दुखत न्हाय, म्हणून म्हटलं काय नसंल. दिवाळीपासनं हाय. घरी माझ्या सुनंला सांगितलं तर माझीबी भांडी येगळी व्हतील, म्हणून बोलले न्हाय."

सकाळपासून दिसेल त्याच्यापुढं आ वासणारा मी. आता मात्र दाढ साफ विसरलो. सुनंदानं पायात चपला सरकवल्या. "चला आत्ती," एवढंच म्हणाली. मी मागनं गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आत्तीला तपासलं आणि मग आम्हाला समजावलं, "दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढायची नसते. आणि हा रोग उष्ट्यानं, शिवल्यानं कुणाला लागत नाही."

पुढच्या तपासण्यांसाठी आत्ती आमच्याकडंच राहिली, आणि कॅन्सरच निघाला. म्हणजे गल्लीनं घर बरोबर धरलं होतं, फक्त माणूस चुकला! खरा रोगी सापडल्यावर गर्दी मात्र पांगली. माझ्या दाढेसाठी जिथं चपला ठेवायला जागा नव्हती, तिथं आता शुकशुकाट. मेहुण्यांना कारखान्याचा गळीत हंगाम आठवला. (भर उन्हाळ्यात!)

आत्तीचं ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले. केस गेले, तेव्हा ती रडली. आम्हीही रडलो. बापूसाहेब मात्र रोज डबा घेऊन यायचे आणि दवाखान्यातल्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या नातेवाइकांची निदानं करायचे.

वेळेवर सापडलं, म्हणून आत्ती बरी झाली. आणि सुटलीच! शिरोळ तालुक्यातल्या गावागावांत बायकांना गोळा करून सांगायला लागली, "न्हाणीत एकटीच असतीस न्हवं? मग सोताच्या अंगाला हात लावून बघायला लाज कुणाची? आणि नाव घे की त्येचं! कॅन्सर म्हण! जीभ झडत न्हाय!" सुनेला तर तिनं स्वतःच ओढत तपासणीला नेलं.

एकदा तिला घेऊन मी अशाच एका गावी गेलो. म्हटलं, या चळवळीचा उगम आपणच. चार शब्द बोलावेत. माईक धरला, घसा साफ केला आणि 'समाजप्रबोधन' या शब्दापर्यंत आलो, तोच पुढं बसलेल्या एका म्हातारीनं हात वर केला.

"पावणं, ऱ्हाऊ द्या ते. तुमी गाडी सावलीत लावून घ्या. आत्तीस्नी जाताना ऊन लागंल!"