उजवीकडचा मुंढा

बाजाराच्या टोकाला, चपलांच्या दुकानाशेजारी तिचं शिवणाचं दुकान होतं. पुढे दोन यंत्रं, मागे पडदा लावून मापं घ्यायची जागा आणि वरच्या मजल्यावर धाकट्या दिराचा संसार. बायका तिला उसवणबाई म्हणत. मनासारखं बसलं नाही की गिऱ्हाइकाने न सांगताच ती अख्खा कपडा उसवून पुन्हा शिवायची. हात बसलेला, तोंड मात्र फटकळ. धाकट्या जावेचंही तोंड तसंच. दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

थंडीच्या सुरुवातीला जावेने ब्लाउज शिवून घेतला आणि चार दिवसांत परत आणला. "जाऊबाई, उजवीकडे मुंढ्यात काचतोय."

उसवणबाईने काखेतली शिवण उसवून अर्धं बोट सैल केली. महिन्याने पुन्हा तीच तक्रार.

"हात गेला वाटतं तुमचा," जाऊ भरल्या दुकानात म्हणाली. दोन गिऱ्हाइकं हसली. उसवणबाईला ते फार लागलं.

तिने जावेला पडद्याआड नेऊन टेप लावली. काखेजवळ बोटांना काहीतरी टणक लागलं. सुपारीएवढं, जागचं न हलणारं. बोटं तिथेच थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. उद्या घेऊन जा."

गाठीचं नाव काढलं तर ही म्हणणार, स्वतःची चूक माझ्या अंगावर ढकलतेय. शिवाय अंघोळ करताना हिच्याही हाताला लागत असेलच की. अशी मनाची समजूत घालून तिने ब्लाउज आणखी सैल केला.

तीन महिन्यांनी जावेचा हात वर उचलेना, तेव्हा दिराने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फार पसरलंय.

दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन उसवणबाई वर जायची, जावेला चमच्याने दूध पाजायची. एके दिवशी जावेने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

उसवणबाईने चमचा वाटीत ठेवला. "दुसऱ्यांदा माप घेतलं तेव्हा."

"आणि बोलला नाहीत."

"वाटलं, तू म्हणशील, चूक झाकायला कारण शोधतेय."

"म्हटलंच असतं मी," जाऊ म्हणाली आणि भिंतीकडे वळली. दोन महिन्यांत ती गेली.

वहिनीने सख्ख्या बहिणीसारखं केलं, असं दीर अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. त्याला काही ठाऊक नाही, आणि सांगायची तिची छाती झालेली नाही.

आता माप घेताना ती प्रत्येकीला विचारते, कुठे दुखतं का, गाठबिठ लागते का. "कपडे शिवायला आलेय मी, तपासून घ्यायला नाही," म्हणत शाळेतल्या एक बाई कापड उचलून निघून गेल्या. पुढे बऱ्याच जणी मागच्या गल्लीतल्या शिंप्याकडे जायला लागल्या. दुसरं यंत्र दिवसभर कापडाने झाकलेलं असतं. उसवणबाई विचारायची मात्र थांबलेली नाही.