बसगोंडा अण्णांचं कोरं मशीन

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि आजवर परीक्षेच्या पेपराबाहेर फार काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्या माणसाबद्दल लिहितोय, त्याच्याबद्दल बोलायचा अधिकार मला सगळ्यात कमी आहे. तरी लिहितोय. चुकलं तर माफ करावं.

बसगोंडा अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कीबोर्ड टेबलाच्या कडेवर आपटत होते. तिसऱ्या आपटीला त्याचे दोन तुकडे झाले आणि बटणं खोलीभर उडाली. एक माझ्या पायाशी आलं. मी नोकरी मागायला गेलो होतो.

"काय पावणं?" ते म्हणाले. "भ्यालासा?"

"नाही," मी खोटंच म्हणालो.

"मग ती बटणं गोळा कर आन बस."

राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर त्यांची दोन खोल्यांची कचेरी होती. साखर कारखान्यांच्या वजनकाट्याचे प्रोग्रॅम ते लिहायचे. उसाची गाडी काट्यावर चढली की वजन संगणकात यायचं आणि पावती निघायची. त्यांचं गाव सीमेवरचं, त्यामुळं राग फार चढला की मराठी सुटून कानडी सुरू व्हायचं. उजव्या हाताच्या बोटांवर जुने व्रण होते. कपाटाची काच, दाराची चौकट, एकदा तर स्वतःच्याच मोटरसायकलचा आरसा. माणसांवरही हात उठायचा. हजेरीचा प्रोग्रॅम विकणाऱ्या एका माणसाला त्यांनी जिन्यावरून कॉलर धरून खाली नेलेलं मी पाहिलंय.

त्या माणसाचा गुन्हा समजायला मला महिना लागला. आमचा प्रोग्रॅम काट्यावरचं वजन वाचायला एक तयार तुकडा वापरायचा. असे तुकडे कुठं आहेत याची नोंद विंडोजमध्ये एकाच ठिकाणी असते. हजेरीवाल्याचा प्रोग्रॅमही तोच तुकडा वापरायचा. त्याची माणसं आपला प्रोग्रॅम काढून टाकताना ती नोंदही पुसून जायची, आणि आमचा काटा बंद पडायचा.

"दुसऱ्याच्या दारात भाकरी मागायचीच कशाला?" अण्णा म्हणायचे. "आपला डबा आपल्यासंगं."

म्हणून त्यांनी नवी पद्धत आणली. तुकडा आपल्याच फोल्डरमध्ये ठेवायचा आणि शेजारी मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल. हवं ते इथंच आहे, बाहेर विचारू नकोस, एवढंच तिच्यात लिहिलेलं. मग नोंद असो, नसो.

पण आमच्या संगणकांवर त्या नोंदी आधीपासून होत्याच. मॅनिफेस्ट चुकली तरी प्रोग्रॅम गुपचूप जुन्या नोंदीवर चालायचा. यासाठी कोपऱ्यात एक कोरं मशीन होतं. त्यावर विंडोजशिवाय काही नाही, आणि दर शनिवारी अण्णा ते स्वतः पुसून पुन्हा भरायचे. "तुझ्या मशीनवर चाललं? मग काय चाललंच न्हाई. त्या कोऱ्यावर चालव, मग मला तोंड दाव."

त्या वर्षी गळीत हंगाम सुरू झाला आणि माझी परीक्षाही आली. एका कारखान्यावर नवा प्रोग्रॅम बसवायला अण्णांनी मला पाठवलं. कोऱ्या मशीनवर तपासायला अर्धा दिवस गेला असता. मी तपासलं नाही. कारखान्यावर प्रोग्रॅम उघडेना; मॅनिफेस्ट चुकलेली, आणि तिथली जुनी नोंदही आधीच कधीतरी पुसली गेलेली. मग मी एका ओळीची कमांड देऊन तुकड्याची नोंद हातानं करून टाकली. काटा लगेच चालू झाला. अण्णांना फोनवर सांगितलं, "कोऱ्यावर बघून आणलेलं. पहिल्या फटक्यात चाललं."

"शाब्बास, दत्त्या," ते म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

दहाव्या दिवशी हजेरीवाले आपला बंद पडलेला जुना प्रोग्रॅम काढून गेले, नोंद पुसली गेली आणि काटा बंद पडला. आम्ही मोटरसायकलनं पोचलो तेव्हा फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे होते. काटा मुद्दाम बंद पाडलाय, आत वजनं मारायचं चाललंय, असं कुणीतरी उठवलं होतं. काट्यावरच्या महादूकाकांचा शर्ट फाटलेला, ओठ सुजलेला. खिडकीची काच त्यांच्या टेबलावर पडलेली.

मी संगणकापुढं बसलो. काय झालंय ते मला पहिल्या क्षणी कळलं. तीच कमांड पुन्हा दिली असती तर काटा दहा सेकंदांत चालू झाला असता. पण अण्णा माझ्या खांद्यावरून पडद्याकडं बघत होते. कमांड टाइप केली की त्यांना माझं खोटं कळणार होतं. म्हणून मी मॅनिफेस्ट उघडली आणि चूक शोधत असल्यासारखा खाली-वर फिरत राहिलो.

"कोऱ्यावर चाललं हुतं न्हवं?"

"हो, अण्णा."

"मग हितं काय मेलंय?"

तेवढ्यात दार उघडलं. चार-पाच जण आत घुसले. एकानं महादूकाकांची मान धरली. "काटा मारतोस व्हय रं म्हाताऱ्या?" अण्णांनी त्याच्या थोबाडीत अशी दिली की तो दारावर जाऊन आदळला. मग सगळेच तुटून पडले. मी उठलो तर अण्णा ओरडले, "सुम कुंद्रु!" म्हणजे गप बस. "तू मशीन बघ!"

मी बसलो. माझ्या पाठीमागं हाडावर लाकूड बसल्याचा आवाज झाला. मग जॅकचा लोखंडी दांडा. त्याचा आवाज वेगळा होता. कीबोर्डवर रक्ताचे थेंब उडाले. तेव्हा कुठं मी ती कमांड दिली.

पडद्यावर वजनाचे हिरवे आकडे आले. "चालू झाला! काटा चालू झाला!" महादूकाका किंचाळले. मारणारे थांबले, एकानं दांडा खाली टाकला आणि सगळे आपापल्या ट्रॅक्टरकडं पळाले, नंबर जाईल म्हणून. अण्णा जमिनीवर पडलेले होते.

कवटीला तडा, उजवा हात दोन ठिकाणी मोडलेला. चौथ्या दिवशी ते बोलायला लागले तसं मी सगळं सांगितलं. न तपासल्याचं, फोनवरच्या खोट्याचं, आणि त्या मधल्या मिनिटांचंही. त्यांनी जवळ बोलावलं. डाव्या हातानं कानाखाली दिली, सगळा जोर काढून, इतका की सलाइनची सुई निघाली.

"चूक समद्यांकडनं हुती," ते म्हणाले. "पर तू बसून ऱ्हायलास. जा. परत दिसू नगंस."

पोलिसांना आणि कारखान्याला त्यांनी प्रोग्रॅममधली चूक स्वतःची म्हणून सांगितली, हे मला नंतर कळलं. मी परीक्षा दिली, पास झालो, पुण्यात नोकरी लागली. त्यांना दोन पत्रं पाठवली, खाली माझा फोन नंबर लिहून; उत्तर आलं नाही. आजही कुठलाही प्रोग्रॅम कोऱ्या मशीनवर चालवल्याशिवाय मी देत नाही. त्यावरून सहकारी हसतात.

गेल्या आठवड्यात दुपारी फोन आला.

"दत्त्या, वळखलंस काय? काट्यावरनं महादू बोलतोय. नवा कॉम्प्युटर आलाय, आन आपला प्रोग्रॅम त्यावर चढंना बघ."

"काका! माझा नंबर कुठून मिळाला?"

"अण्णांनी दिलता की. म्हनले, म्या नसलो तर त्याला बोलवा, तो आता नीट करंल."

मी घाईघाईनं म्हणालो, "रविवारीच येतो, काका. आधी अण्णांकडं जातो, मग तुमच्याकडं. सकाळी घरी असतात ना ते?"

पलीकडं काट्यावर ट्रॅक्टर चढल्याचा धडधडाट झाला.

"आरं, अण्णा जाऊन वरीस झालं की. त्या मारापास्नं फिट यायची त्यास्नी. मोटरसायकलवर असताना आली. तुला कुणी कळवलं न्हाय व्हय?"