हिरव्या रिबिनीचा अर्थ

मी लिहायला बसावं, एवढी माझी पात्रता नाही. आमच्या मळ्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील आजही गुलछडी घेऊन मार्केटात बसतात. चुकलं तर माफ करा. पण तो टेम्पो डोक्यातून जात नाही.

वणी रस्त्यावर तो उलटला तेव्हा मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात इंटर्न होतो. सुरगाण्याकडचे मजूर द्राक्षाच्या छाटणीला निघाले होते. फोन आला आणि सर, म्हणजे कॅज्युअल्टीचे प्रमुख, म्हणाले, "प्लॅन काढा."

प्लॅन साधा होता. एकदम खूप जखमी आले की आधी कोणाला घ्यायचं हे दारातच ठरवायचं आणि मनगटाला रिबीन बांधायची. याला ट्रायाज म्हणतात. लाल म्हणजे लगेच, पिवळी म्हणजे थोडं थांबता येईल, हिरवी म्हणजे किरकोळ. रिबिनी मेन रोडच्या दुकानातून आणलेल्या, मुलींच्या वेणीच्या. पावसाळ्याआधी मॉक ड्रिलही झालं होतं. नर्सिंगच्या मुली जखमी होऊन पडल्या होत्या. हिरवी मिळालेली एक जण म्हणाली, "सर, मला लाल द्या ना, मी छान विव्हळते." सगळे हसले. ड्रिल उत्तम झालं, असा शेरा मिळाला.

गाड्या येऊ लागल्या. सर तपासून रंग सांगायचे, मी बांधायचो. एक बाई आली, साधारण माझ्याच वयाची. कडेवर पाचेक वर्षांचा मुलगा, कपाळाला खोक, चेहरा रक्ताने माखलेला. बाईच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पण नाडी धावत होती, पोट कडक लागत होतं. आत रक्तस्राव.

"लाल," सर म्हणाले. मुलाला हिरवी. कपाळाच्या जखमेतून रक्त खूप येतं, पण सहसा धोका नसतो. ट्रॉली मोकळी होईपर्यंत दोघांना व्हरांड्यात ठेवलं आणि मी पुढच्या गाडीकडे गेलो.

काही वेळाने, मधेच आत गेलेले सर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आले. त्यांनी त्या मुलाचा हात धरला होता. मनगटाला लाल रिबीन.

"याला आत कोणी पाठवलं?"

वॉर्डबॉयने, लाल बघून. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. बाई व्हरांड्याच्या टोकाला भिंतीला टेकून होती, पांढरीफटक. लालवाल्यांना आधी आत नेतात, हे तिने बसल्या बसल्या पाहिलं होतं. आपली रिबीन सोडून तिने पोराला बांधली होती.

"ताई, हे काय केलंत?" सरांनी विचारलं.

"त्याचं रगत लय गेलंय," ती म्हणाली. "त्याला आधी घ्या. मी बरी हाय."

तिच्या पोटातली प्लीहा फुटली होती. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. तिला मुंबईला हलवलं. त्याच अपघातात हात मोडलेला तिचा दीर प्लॅस्टरसकट सोबत गेला. मुलगा टाके घालून घरी गेला.

पुढच्या मीटिंगमध्ये ठरलं की रिबिनी बंद, कपाळावर मार्करने खूण करायची. बदल चांगलाच होता. पण रंगांचा अर्थ आम्ही शिपायापर्यंत सगळ्यांना शिकवला होता. तो जखमींना सांगायचं प्लॅनमध्ये नव्हतं, आणि नव्या प्लॅनमध्येही आलं नाही. खूण करताना मी आता तोंडाने सांगतो. एक वाक्य लागतं.

पुढे दीर प्लॅस्टर काढायला ओपीडीत आला. मी तिचं विचारलं.

"गेली," तो म्हणाला. "मुंबईलाच." पोरगा बरा आहे, शेरडांमागे पळतो, असंही सांगितलं. मग प्लॅस्टरकडे बघत म्हणाला, "शेवटपर्यंत इचारीत होती, पोराचं आपरेशन झालं का."