ताक आटलं त्या साली

ताक विकायचं नसतं. अणदूरला तसा नेमच होता. दूध विका, तूप विका, पण ताक मागायला आलेल्या बाईला रिकाम्या भांड्यानं परत पाठवायचं नाही. नवी सून म्हणून सासूबाईंनी मला पहिली शिकवलेली गोष्ट ती हीच.

मग लढाईच्या दिवसांत निजाम सरकारनं दुधाला भाव बांधून दिला, बाजारापेक्षा चांगला. दवंडी झाली, रोज सकाळी चावडीवर दूध घाला, सरकार घेईल. गावाला काय, आयतंच फावलं! एक म्हैस होती त्यानं दुसरी आणली. आम्हीही आणली. थेंब न थेंब चावडीवर जायला लागला आणि रवी खुंटीला टांगली गेली.

शेजारीण भांडं घेऊन आली. तिच्या सासूला दात नव्हते, म्हातारी भाकरी ताकात कुस्करूनच खायची. मी म्हणाले, "घुसळलंच न्हाय गं." आठ दिवस आली, मग यायची थांबली. शेरभर दूध घरी ठेवलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? कुण्णी नाही. हाव सुटली होती, दुसरं काय! मला मेलीला तेव्हा लाजही वाटली नाही.

म्हातारी पावसाळ्यात गेली. ताकानं वाचली असती असं मी म्हणत नाही.

दिवाळीनंतर सरकारचा हुकूम फिरला, खरेदी बंद. घरोघरी दूध आणि घेणारं कुणी नाही. सरकी मात्र महागच, कडबाही संपत आलेला. सगळ्या गावानं एकदमच म्हशी विकायला काढल्या, मग किंमत कसली येतेय? आमच्या दोन्ही गेल्या. थोरली शेजारणीनंच घेतली, मातीमोल.

उन्हाळ्यात सासूबाईंचं पोट बिघडलं. पोटात काही ठरेना. "कुठं ताक मिळतं का बघ," म्हणाल्या. मी पदराखाली गडू धरून शेजारी गेले आणि उन्हाच्या, पाण्याच्या गप्पा मारत उभी राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

"काढ की भांडं," ती म्हणाली. "तुमच्याच म्हशीचं हाय."

तिनं गडू काठोकाठ भरला. मग हळूच म्हणाली, "आमच्या म्हातारीला वाटीभर लई व्हायचं गं."

रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी घरी आले, सासूबाईंना ताक पाजलं आणि चुलीपाशी बसून राहिले. रडूही येईना, नुसता शीण आला. तो अजून गेलेला नाही.