शेजाऱ्याच्या अंगणातली पाटी

मुलाकडं अमेरिकेत आलोय. चहूकडं मक्याची शेतं. आज सकाळी शेजारचा म्हातारा शेतकरी अंगणात निवडणुकीची पाटी ठोकत होता. सून म्हणाली, "आधी आजोबा खासदार, मग बाप, आता पाटीवरचा हा नातू उभा आहे." त्यांच्याच राज्यात गावचं हॉस्पिटल बंद पडलं. म्हाताऱ्याच्या बायकोला डायलिसिसला दोन तालुके ओलांडून न्यावं लागतं.

माझं डोकंच फिरलं. "विचार त्याला, मग पाटी कशाला ठोकतोस?"

सुनेनं विचारलं. तो हसून म्हणाला, "आमच्या घरचं मत पहिल्यापासून तिकडंच."

मत म्हणजे काय वतन आहे, बापानं दिलं म्हणून पोरानं सांभाळायला? मी चौथी नापास, पण एवढं कळतं. आमच्या तालुक्यातही हेच, तीच घराणी, तेच हार. एवढा समुद्र ओलांडून हेच बघायचं होतं?

माझा आवाज चढला तशी सून म्हणाली, "बाबा, हळू बोला."

"का हळू? त्याला कुठं मराठी कळतंय!"

तेवढ्यात त्याची बायको काठी टेकत बाहेर आली. नवऱ्यानं हौसेनं पाटी दाखवली. तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. गाडीत बसली आणि दार असं आपटलं, की मला बरं वाटलं. चिडलेला मी एकटाच नव्हतो.