मोठेबाबांचं गाव

मोठेबाबा 'गाव' हा शब्द एकाच जागेसाठी वापरत, आणि ती जागा धरणाच्या पाण्याखाली होती. पवनीजवळचं, नदीकाठचं आमचं गाव उठलं आणि सगळ्यांना वर माळावर नवी घरं मिळाली. बाकीचे त्यालाच हळूहळू गाव म्हणू लागले. माझे हे थोरले काका मात्र 'वसाहत' म्हणत. पवनीच्या बाजारात ऑटोवाल्यानं विचारलं, "बाबा, गावाले चालता का?" ते शांतपणे म्हणाले, "गावाले तू काय नेशील? वसाहतीत सोड."

घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा जुना शेजार विस्कटला. भिंतीला भिंत लावून राहिलेला त्यांचा सोबती पार दुसऱ्या टोकाला गेला. तरी मोठेबाबा रोज सकाळी "शेजारी जाऊन येतो" म्हणत निघायचे आणि उन्हं तापल्यावर परतायचे. चुलतभावाचं लग्न होऊन साकोलीची वहिनी आली. तिला आधी हसू यायचं. मग तीच आल्यागेल्याला सांगू लागली, "बाबा शेजारी गेले, आता जेवायलेच येतीन."

सोबती वारला आणि मोठेबाबांचं विसरणं वाढलं. जेवून उठले की पुन्हा ताट मागत.

गेल्या हंगामात घरचे सगळे दुसऱ्यांच्या धानकापणीला गेले होते. घरी मोठेबाबा आणि वहिनी, दोघंच.

"पोरी, गावात जाऊन येतो."

"लवकर या बाबा, भात होऊन राहिला."

तिला वाटलं, चौकातल्या पानठेल्यापर्यंत जात असतील.

संध्याकाळी मोठीमाय, म्हणजे माझी काकू, शेतावरून परतली. "हे कुठं हायेत?"

"गावात गेले."

"कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले."

मोठीमाय हातातल्या विळ्यासकट मागं वळली आणि जुन्या रस्त्यानं धावत सुटली. तो डांबरी रस्ता उतारावरून सरळ पाण्यात जातो.

दुसऱ्या दिवशी मासे धरणाऱ्यांना ते सापडले. पाण्याखाली, त्या रस्त्यावरच. "बाबा वाट चुकले नाहीत," त्यांच्यातला एक म्हणाला.

"मले कोणी सांगतलं काहून नाही?" वहिनी पुन्हापुन्हा विचारत होती.

"आमाले कदी सांगा लागलंच नाही, माय," मोठीमाय म्हणाली.

वहिनीला कोणीच बोल लावला नाही. तरी ती साकोलीला माहेरी गेली ती परतली नाही. चुलतभाऊ तिला आणायला जाऊन एकटाच आला. पुन्हा निघाला तेव्हा मोठीमायनं त्याला अडवलं.

"राहू दे तिले. इथं आली तं माह्यासारखीच दाराकडं पाहत बसन."